जखमेचा दाखला

सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी या भागांत पलटणीत गेलेला माणूस नाही असे गाव क्वचितच सापडेल. कोणाचा आजा गेला होता, कोणाचा चुलता, कोणाचा मुलगा आज सरहद्दीवर आहे. पेन्शन घेऊन घरी आलेल्या शिपायाच्या ट्रंकेत कापडात गुंडाळलेले डिस्चार्ज बुक असते. दसऱ्याला ट्रंक उघडते. पदके पुसून होतात. पुस्तक मात्र कोणी उघडून पाहत नाही. ते पुन्हा तळाशी जाते.

अशा एखाद्या म्हाताऱ्याच्या पोटरीवरून हात फिरवा. कातडीखाली खडा लागावा तसे काहीतरी लागते. तो तोफेच्या गोळ्याचा तुकडा. नातवंडे विचारतात, "आबा, हे काय?" आबा सांगतात आणि नातवंडांचा विश्वास बसतो. पण उद्या सरकारनेच विचारले, "आबा, हे काय?" तर? सरकारला बोटाने चाचपून भागत नाही. सरकार म्हणते, कागद दाखवा.

तो कागद नसला तर काय होते, ते आज आम्ही सांगणार आहोत. हकीकत आपल्याकडची नाही, अमेरिकेची आहे. तिकडे निव्वळ जखमेसाठी म्हणून एक पदक आहे. ते मागण्यासाठी म्हातारे शिपाई पन्नास पन्नास, साठ साठ वर्षांनी सरकारच्या दारात उभे राहिले आहेत. दूर देशाची गोष्ट म्हणून सोडून देऊ नका. कागद तिथेही कागदच असतो.

जांभळे काळीज

या पदकाचे नाव पर्पल हार्ट. पर्पल म्हणजे जांभळा रंग आणि हार्ट म्हणजे काळीज. जांभळे काळीज, असे त्याला आपण म्हणू.

आपल्यावर जसे इंग्रजांचे राज्य होते, तसे एके काळी अमेरिकेवरही होते. तिथले लोक इंग्रजांशी लढले आणि स्वतंत्र झाले. त्या लढाईत त्यांचा सेनापती होता जॉर्ज वॉशिंग्टन. पुढे तोच त्या देशाचा पहिला अध्यक्ष झाला. या वॉशिंग्टनने ७ ऑगस्ट १७८२ रोजी एक हुकूम काढला. त्या काळी लष्करातला मानपान अधिकाऱ्यांना मिळे. साध्या शिपायाला कोण विचारतो? वॉशिंग्टनने ठरवले की साध्या शिपायाने मोठे काम केले, तर त्याच्या डाव्या छातीवर जांभळ्या कापडाचे काळीज शिवायचे. हा मान तीन सार्जंटांना मिळाल्याची पक्की नोंद आहे. मग लढाई संपली आणि लोक ते चिन्ह विसरून गेले. ते जवळजवळ दीडशे वर्षे विसरलेलेच राहिले.

पुढे २२ फेब्रुवारी १९३२ ला वॉशिंग्टनच्या जन्माला दोनशे वर्षे झाली. त्या वेळी अमेरिकेच्या लष्कराचे प्रमुख होते जनरल मॅकआर्थर. त्यांनी हे चिन्ह पुन्हा सुरू केले. आता ते कापडाचे राहिले नाही, धातूचे झाले. जांभळे काळीज, त्याला सोनेरी कड, मध्ये वॉशिंग्टनचा चेहरा आणि वर जांभळी फीत, तिच्या दोन्ही कडा पांढऱ्या. पहिल्या महायुद्धात घायाळ झालेल्या शिपायांना ते अर्ज करून मिळू लागले. सुरुवातीला ते चांगल्या कामगिरीसाठीही देत आणि भूदलापुरतेच देत. १९४२ मध्ये हे बदलले. आरमारातल्या शिपायांनाही ते मिळू लागले. आणि शत्रूच्या हातून जो जखमी झाला किंवा मेला, त्यालाच ते द्यायचे असे ठरले. मेलेल्या शिपायाचे पदक त्याच्या घरच्यांना देतात.

आता तुम्ही विचाराल, या पदकाबरोबर पैसे किती मिळतात? पदकाचे असे पैसे मिळत नाहीत. सरकारी इस्पितळात त्या माणसाचा नंबर काही लोकांच्या आधी लागतो. अशा काही सोयी आहेत. पण पेन्शन ठरते ती वेगळ्या हिशेबाने. मग म्हातारे शिपाई इतके का झगडतात? एखाद्याने आपल्याला खोटे ठरवले तर आपण का झगडतो? पैशांसाठीच झगडतो असे नाही.

या पदकाची आणखी एक गोष्ट आहे, ती सांगितल्यावाचून राहवत नाही. १९४५ मध्ये अमेरिका जपानच्या भूमीवर फौज उतरवणार होती. तिथे किती माणसे पडतील याचा आधीच अंदाज बांधून सरकारने जांभळी काळजे घडवून ठेवली. मग हिरोशिमा आणि नागासाकीवर अणुबॉम्ब पडले आणि जपान शरण आला. फौज उतरलीच नाही. घडवलेली सुमारे पाच लाख पदके शिल्लक राहिली. त्यानंतर कोरियाचे युद्ध झाले, व्हिएतनामचे झाले, आणखी झाली. तरी कित्येक वर्षे त्याच साठ्यातली पदके वाटली जात होती. ज्यांच्या छातीवर ती लागली, त्यांतले कितीतरी जण पदक घडले तेव्हा जन्मलेही नव्हते.

कोणती जखम धरतात?

इतर पदकांसाठी अधिकाऱ्याने शिफारस करावी लागते. तो लिहितो, हा शूर आहे, याला पदक द्या. जांभळ्या काळजाचे तसे नाही. ते कोणाच्या मेहेरबानीचे नाही. शूर होता की घाबरला होता, हे कोणी विचारत नाही. जखम नियमात बसली की पदक त्याच्या हक्काचे.

पण नियमात बसली पाहिजे. नियम तीन गोष्टी मागतो. एक, जखम शत्रूच्या मारामुळे झालेली असावी. दोन, तिच्यावर डॉक्टरी इलाज करण्याची गरज पडलेली असावी. नुसते पाहून "जा, ठीक आहे" म्हटले तर ते चालत नाही. तीन, त्या इलाजाची कागदावर नोंद असावी.

ऐकायला सोपे वाटते. आता उदाहरणे घेऊ. दोन जीपगाड्या निघाल्या. एक शत्रूने पुरलेल्या सुरुंगावर गेली आणि चालकाचा पाय मोडला. दुसरी अंधारात चरात गेली आणि त्याही चालकाचा पाय मोडला. पहिल्याला पदक मिळते, दुसऱ्याला नाही. हाड दोघांचेही सारखेच मोडले. दुखायचे तेही सारखेच दुखले. तसेच विमानाचे. शत्रूने विमान पाडले म्हणून शिपायाने छत्री घेऊन उडी मारली आणि उतरताना कंबर मोडली, तर पदक मिळते. शत्रूने काही केलेले नसताना नेहमीच्या उडीत कंबर मोडली, तर मिळत नाही.

शत्रूने विषारी वायू सोडला, तर ती जखम धरतात. नासके अन्न खाऊन शिपाई आजारी पडला, तर धरत नाहीत. उन्हाचा झटका धरत नाहीत. थंडीने बोटे काळी पडून झडतात, त्याला हिमदंश म्हणतात. तोही आजच्या नियमात बसत नाही. १९५० च्या हिवाळ्यात कोरियात चोसिन सरोवरापाशी हाडे गोठवणाऱ्या थंडीत मोठी लढाई झाली. तिथे कितीतरी शिपायांची बोटे गेली. ती थंडीने नेली, शत्रूने नेली नाहीत, असा हिशेब. आम्हाला विचाराल तर हा हिशेब कडक आहे. शिपाई त्या बर्फात सहलीला गेला नव्हता. पण नियम करणाऱ्यालाही कुठेतरी रेघ ओढावी लागते, हेही खरे.

चुकून आपल्याच फौजेची गोळी लागली तर? लढाईच्या धुमश्चक्रीत असे होते. शत्रूवर मारा करताना आपल्याच माराने घायाळ झालेल्यालाही हे पदक मिळावे, असे १९९३ च्या कायद्याने स्पष्ट केले.

आणि मनाची जखम? लढाईहून परत आलेला माणूस रात्री ओरडत उठतो, माणसांत बसत नाही, फटाका वाजला तरी जमिनीवर आडवा पडतो. हा आजार खरा आहे, हे आता डॉक्टर मानतात आणि सरकारही मानते. पण २००९ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने सांगितले की त्यासाठी जांभळे काळीज मिळणार नाही.

डोक्याच्या आतल्या जखमेचे मात्र थोडे वेगळे झाले. मोठा स्फोट झाला की वरून काही दिसत नाही, रक्त येत नाही, पण हादऱ्याने मेंदूला इजा होते. ही इजा कशी ओळखायची आणि कधी धरायची, याचे नियम २०११ मध्ये नीट मांडले गेले. पुढे ८ जानेवारी २०२० ला इराणने इराकमधल्या अल असद नावाच्या तळावर क्षेपणास्त्रे डागली. तिथे अमेरिकेचे शिपाई होते. पहिल्याने जाहीर झाले की कोणालाही इजा नाही. मग एकेकाचे डोके दुखू लागले, चक्कर येऊ लागली, उजेड सोसेना. तपासता तपासता शंभराहून अधिक जणांच्या मेंदूला इजा झाल्याचे निघाले. त्यांतल्या २९ जणांना त्याच वर्षी पदक मंजूर झाले. बाकीच्यांनी पाठ धरली, कागद पुन्हा तपासले गेले, आणि डिसेंबर २०२१ मध्ये आणखी ३९ जणांना ते मंजूर झाले. स्फोट एकच, तळ एकच, पण काहींना जवळजवळ दोन वर्षे थांबावे लागले.

जखम कागदावर कशी चढते?

लढाईत शिपाई पडला की पहिल्यांदा धावतो तो मलमपट्टी करणारा शिपाई. त्याच्याजवळ बंदुकीपेक्षा पिशवी महत्त्वाची. तो रक्त थांबवतो, पट्टी बांधतो, दुखणे थांबायची सुई टोचतो. मग खिशातून एक चिठ्ठी काढतो. तिच्यावर शिपायाचे नाव, नंबर, जखम कुठे, काय औषध दिले, हे लिहितो आणि ती चिठ्ठी शिपायाच्या कपड्याला बांधतो. बाजारात पोत्याला चिठ्ठी बांधतात ना, तशी. पुढे तो शिपाई मागच्या दवाखान्यात जातो, तिथून इस्पितळात. प्रत्येक ठिकाणी ती चिठ्ठी वाचतात आणि आपल्या वहीत उतरवून घेतात. इकडे पलटणीचा कारकून रोजची हजेरी लिहितो. इतके हजर, इतके आजारी, अमका जखमी होऊन मागे गेला. अशी ती साखळी.

आपल्या देशाने कोरियाच्या युद्धात लढणारी फौज पाठवली नाही. पण घायाळांसाठी वैद्यकी पथक पाठवले. त्याचे नाव ६० पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स. त्याचे प्रमुख होते लेफ्टनंट कर्नल रंगराज. हे पथक १९५० च्या अखेरीस तिथे गेले. मार्च १९५१ मध्ये त्यातली एक तुकडी अमेरिकेच्या शिपायांबरोबर विमानातून छत्रीने उतरली आणि गोळ्या चालू असताना तिने जखमींवर इलाज केले. म्हणजे अमेरिकेच्या काही शिपायांच्या जखमा आपल्या माणसांनीही बांधल्या आहेत.

पण साखळीतली एक कडी तुटली की झाले. शिपाई मागे गेलाच नाही, जागेवरच पट्टी बांधून पुन्हा लढू लागला, तर इस्पितळाच्या वहीत तो येत नाही. पट्टी बांधणाराच तासाभराने मारला गेला, तर चिठ्ठी कोण लिहिणार? आणि दुसरे असे की शिपायालाच त्याचे काही वाटत नाही. शेजारचा मित्र मेलेला असताना आपल्या मांडीतल्या कपचीची नोंद करा म्हणून कोण मागे लागतो?

कोरियात १९५१ साली नेमके असेच घडले. अमेरिकेच्या एका शिपायाच्या मांडीत उखळी तोफेच्या गोळ्याची कपची शिरली. रणांगणावरच त्याच्या पायाला पट्टी बांधली गेली. पट्टी बांधणाराने जखमेची नोंद केली नाही. तो स्वतःच पुढे मारला गेला असावा. कागदावर राहिले ते इतकेच, की या शिपायाला धनुर्वाताची सुई टोचली होती. का टोचली, ते कुठे लिहिलेले नव्हते. हा शिपाई घरी आला, संसार केला, म्हातारा झाला. कपची मांडीतच होती. पुष्कळ वर्षांनी त्याने पदकासाठी अर्ज केला. सरकारी डॉक्टरांनी पाय तपासला आणि सांगितले की ही जखम त्या युद्धातलीच असणार. तरी अर्ज नामंजूर झाला. कारण एकच, पुरेसा कागद नाही.

त्याचे पुढे काय झाले ते नंतर सांगतो. आधी एका आगीबद्दल सांगितले पाहिजे.

दप्तर जळाले

अमेरिकेत सेंट लुई नावाचे मोठे शहर आहे. त्याच्या शेजारी ओव्हरलँड गावात सरकारने शिपायांच्या कागदांचे दप्तर ठेवले होते. सहा मजली इमारत आणि मजल्यागणिक खोक्यांच्या रांगा. प्रत्येक शिपायाची एक फाईल. तो भरती कधी झाला, कुठे लढला, कधी आजारी पडला, कधी जखमी झाला, सारे त्यात.

१२ जुलै १९७३ च्या मध्यरात्रीनंतर वरच्या मजल्याला आग लागली. आग लागताच आपोआप पाणी सोडणारे नळ त्या मजल्यावर नव्हते. बंब आले. कागद जळत होता आणि खाली खोक्यांत धुमसत होता. आग पुरती विझायला चार दिवस लागले. ती कशाने लागली, हे शेवटपर्यंत नक्की ठरले नाही.

एक कोटी साठ लाख ते एक कोटी ऐंशी लाख फायली त्यात गेल्या. १९१२ ते १९६० या काळात भूदल सोडलेल्या शिपायांपैकी शंभरांत ऐंशी जणांचे कागद गेले. म्हणजे दोन्ही महायुद्धे आणि कोरियाचे युद्ध, सगळे आले. विमानदलाच्याही पुष्कळ फायली गेल्या. सगळ्यांत वाईट म्हणजे त्या फायलींची दुसरी प्रत कुठेच नव्हती. कोणाकोणाच्या फायली गेल्या, याची यादीसुद्धा नव्हती.

जे आगीतून वाचले, ते पाण्याने भिजले. ओल्या कागदाला दोन दिवसांत बुरशी धरते, हे पावसाळ्यात घर गळले की आपणही पाहतो. त्यांनी औषध फवारले. अवकाशात जाणाऱ्या यानांची परीक्षा घेण्यासाठी एका कारखान्यात मोठी हवाबंद खोली बांधलेली होती. तिच्यात ते ओले कागद ठेवून वाळवले. अशी धडपड करून सुमारे ६५ लाख फायली वाचवल्या. कडा जळालेले ते कागद आजही जपून हाताळतात आणि कोणी विचारले की उघडून पाहतात.

आता विचार करा. एखादा शिपाई १९४४ साली जखमी झाला. त्याची चिठ्ठी लिहिली गेली, इस्पितळात नोंद झाली, फाईलही तयार झाली. त्याच्याकडून काही चुकले नाही. आणि १९८५ साली त्याने पदक मागितले तेव्हा उत्तर आले, आपली फाईल जळाली आहे, आपण पुरावा पाठवा.

अर्ज आणि पुरावा

मग पुरावा आणायचा कुठून? पहिला कागद म्हणजे घरी येताना मिळालेला सुटकेचा दाखला, आपल्या डिस्चार्ज बुकासारखा. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळच्या दाखल्यात युद्धातल्या जखमांसाठी वेगळा रकाना होता. पण शिपाई त्या वेळी घरी जायला आतुर झालेला असतो. टेबलामागचा कारकून विचारतो, जखम? मागे रांग उभी आहे, गाडीची वेळ झाली आहे. शिपाई म्हणतो, तसे काही विशेष नाही. कारकून रकान्यात "काही नाही" असे लिहितो आणि शिपाई खाली सही करतो. चाळीस वर्षांनी तीच सही त्याच्या आड येते.

दुसरा आधार पलटणीच्या रोजच्या हजेरीचा. ती वेगळी ठेवलेली होती, म्हणून वाचली. तिसरा आधार १९८८ मध्ये हाती आला. इस्पितळात भरती झालेल्या शिपायांची माहिती आकड्यांच्या रूपात लष्कराच्या वैद्यकी खात्याने नोंदवून ठेवली होती. ती १९४२ ते १९४५ आणि १९५० ते १९५४ या वर्षांची होती. तिच्यात शिपायांची नावे नव्हती, फक्त नंबर होते. पण पलटणीतला माणूस एक वेळ सोयऱ्याचे नाव विसरेल, आपला नंबर विसरत नाही.

याशिवाय त्या वेळी हजर असलेल्या सोबत्यांची प्रतिज्ञापत्रे चालतात. आईला किंवा बायकोला लिहिलेले पत्र उपयोगी पडते. "हाताला थोडे लागले आहे, काळजी करू नका," एवढी एक ओळ आणि वर तारीख असली तरी तिला वजन असते. घरच्या बाईने ते पत्र जपून ठेवले असेल तर.

सोबत्यांचे मात्र घाई करावी असे असते. आज साक्ष द्यायला दोघे असतात, पुढच्या वर्षी एक, आणि मग कोणी उरत नाही.

साध्या अर्जाने काम झाले नाही, तर लष्करी नोंदी दुरुस्त करणारे मंडळ असते. १९४६ च्या कायद्याने ते आले. त्यात लष्करातले नव्हेत, मुलकी लोक बसतात. चूक ध्यानात आल्यापासून तीन वर्षांत अर्ज करावा असा नियम आहे. पण न्यायासाठी गरज वाटली तर मंडळ उशीर माफ करते. हे मंडळ पहिल्याने धरून चालते की सरकारी नोंद बरोबर आहे. ती चूक आहे हे अर्जदाराने दाखवायचे. आपल्या सातबाऱ्यासारखेच हे आहे. जमीन तुम्ही कसत असाल, पण उताऱ्यावर नाव दुसऱ्याचे असेल, तर सिद्ध तुम्ही करायचे.

सरकार इतके ताणून का धरते? शिपायाच्या बाजूने बोलताना हेही सांगितले पाहिजे. खोटे सांगणारेही निघतात. न लढता पदक लावून मिरवणारे, त्यावर सभेत मान घेणारे, देणग्या उकळणारे लोक तिथे सापडले आहेत. पदकाबद्दल खोटे बोलणे हा गुन्हा ठरवणारा कायदा २००५ चा होता. तो २०१२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. नुसते खोटे बोलणे हा गुन्हा धरता येत नाही, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. मग २०१३ मध्ये नवा कायदा झाला. खोटे पदक सांगून पैसा किंवा फायदा उपटला, तर तो गुन्हा. असे लबाड असतात म्हणून खऱ्या माणसाचाही कागद दहादा उलटून पाहतात. लबाडाचे प्रायश्चित्त खऱ्याने घ्यायचे, असा हा प्रकार आहे.

आणखी एक नवल ऐका. हे पदक आजवर किती जणांना मिळाले, याची पुरी यादी सरकारजवळ नाही. अंदाज सांगतात तो सुमारे १८ लाखांचा. २००६ मध्ये न्यूयॉर्क राज्यात न्यू विंडसर इथे या पदकाचे स्मारक उघडले. त्यांनी लोकांनाच विनंती केली की तुमच्या घरात कोणाला हे मिळाले असेल तर कागद दाखवून नाव नोंदवा. जो देश शिपायाजवळ कागद मागतो, त्यालाच शेवटी शिपायाच्या घरचा कागद मागावा लागला.

आपल्याकडे

शत्रूच्या माराने घायाळ झालेल्या शिपायासाठी आपल्या देशातही पदक आहे. पूर्वी त्याला घाव पदक म्हणत, आता पराक्रम पदक म्हणतात. त्याचा आधारही नोंदीचाच. शिपायाची नोंद त्याच्या पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसात असते. मराठा लाइट इन्फंट्रीचे ते बेळगावला आहे. तिथे लिहायचे तर नंबर, हुद्दा, पलटण, जखमेची तारीख आणि जागा द्यावी लागते. अर्ज कसा लिहायचा हे कळत नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारावे. ते काम त्यांचेच आहे. तिथेही निभावले नाही तर २००७ च्या कायद्याने सशस्त्र दल न्यायाधिकरण झाले आहे. त्याचे एक पीठ मुंबईला आहे.

आमचे एक सांगणे आहे. घरात असा माणूस असेल तर त्याचे डिस्चार्ज बुक या दसऱ्याला एकदा उघडा. तुम्हाला आता वाचता येते. जखमेचा रकाना शोधा आणि तो मोठ्याने वाचून त्याला ऐकवा. तिथे लिहिलेले आणि त्याच्या अंगावर असलेले जुळते का, ते तोच सांगेल.

आता कोरियातल्या त्या शिपायाकडे येऊ. मंडळाने नाही म्हटल्यावर तो थांबला नाही. त्याच्या बाजूने लोकप्रतिनिधी बोलले. त्याने सरकारवर न्यायालयात दावा लावला. लष्कराने प्रकरण पुन्हा उघडले. पायातली कपची, डॉक्टरांचे मत आणि धनुर्वाताच्या सुईची ती एक ओळ एकत्र ठेवून पाहिली. आणि २०२४ मध्ये, म्हणजे जखम झाल्यावर ७३ वर्षांनी, त्याच्या छातीवर जांभळे काळीज लावण्यात आले. कपची मात्र तशीच मांडीत राहिली. ती काढण्यात धोका आहे असे डॉक्टरांनी त्याला पूर्वीच सांगितले होते.